योक्का आणि योऽका

‘मोडकंतोडकं बोललं तरी चालतं, समोरच्याला भाव कळला म्हणजे झालं.’ परक्या भाषेचा विषय निघाला की पलटणीत कुणी ना कुणी हे वाक्य टाकतोच. पंजाबी, डोगरी, तमिळ यांच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. आपली निम्मी फौज उरलेल्या निम्म्या फौजेची भाषा अशीच लंगरच्या रांगेत शिकली. पण जपानीच्या पहिल्या वीस-पंचवीस वाक्यांना हा हिशेब लावू नये, असं माझं ठाम मत आहे. महिन्याच्या चार तारखेला जपानीत ‘योक्का’ म्हणतात आणि आठ तारखेला ‘योऽका’. एकात क दाबून म्हणायचा, दुसऱ्यात ओ लांबवायचा. तुम्ही दोन्हींना ‘योका’ म्हणालात तर भाव वगैरे सोडा, हजर व्हायची तारीखच समोरच्याला कळणार नाही. आणि तो माणूस सभ्य असेल तर पुन्हा विचारणारही नाही.

हा विषय आत्ताच का काढला, ते सांगतो. सध्या पोस्टिंग रायपूरला आहे. इथल्या तात्यापारा भागात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर होता, तेव्हापासूनचा हा संबंध. महाराष्ट्र मंडळात गेलं की पेन्शनवर आलेले दोन-चार फौजी भेटतात आणि गप्पा मुलांवर येतात. आधी मुलगा दुबईला, कॅनडाला असं ऐकू यायचं, आता जपान ऐकू येतं. कारण उघड आहे. जपानने एप्रिल २०१९ पासून ठरावीक कामांतल्या कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, जानेवारी २०२१ मध्ये त्याबाबत भारताशी करार झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी ठरवलं की पाच वर्षांत पाच लाख माणसांची देवाणघेवाण करायची. त्यातले पन्नास हजार कुशल भारतीय जपानला जातील. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना तिथे मोठी मागणी आहे. त्या व्हिसासाठी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही भाषेची परीक्षा लागते, आणि शुश्रूषेच्या कामाला त्याशिवाय त्या कामाच्या जपानीची वेगळी परीक्षा.

आपल्या वर्दीतल्या लोकांचाही जपानीशी संबंध येऊ लागला आहे. ‘धर्म गार्डियन’ हा भारत-जपान संयुक्त सराव २०१८ मध्ये मिझोरममध्ये वैरंगटेला सुरू झाला. २०२२ मध्ये तो २७ फेब्रुवारी ते १० मार्च या काळात बेळगावला झाला आणि आपल्या बाजूने १५ मराठा लाइट इन्फंट्री होती, समोर जपानची ३० वी इन्फंट्री रेजिमेंट. बेळगाव आणि मराठा पलटण म्हटल्यावर वेगळं काय सांगायचं! दुभाषे असतात, मान्य. पण दुभाषा काही प्रत्येक ट्रेंचमध्ये नसतो.

तर मंडळातल्या एका माजी हवालदाराची मुलगी शुश्रूषेच्या कामासाठी जपानी शिकते आहे. तिच्या वर्गाची पुस्तिका त्यांनी मला दाखवायला आणली, कारण पूर्वी पुण्यात असताना मी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन थोडंफार जपानी शिकलो आहे. पुस्तिका हिंदीतून होती, आणि हिंदीतही ती आली होती इंग्रजी स्पेलिंगवरून. पहिल्याच पानावर ‘कोनिचिवा’, ‘अरिगाटो’, ‘ओहायो’. तीन शब्द आणि तिन्ही चूक. वर्गाचं नाव घेत नाही. असल्या पुस्तिका ठिकठिकाणी विकल्या जातात.

रोमन लिपीचा हा रोग आपल्याला नवा नाही. इंग्रजांच्या काळापासून फौजेत हिंदुस्तानी रोमन अक्षरांत शिकवली गेली, आणि रोमन हिंदीतले कागद ज्यांनी वाचले त्यांना ठाऊक आहे की ‘कल’ आणि ‘काल’ त्यात सारखेच दिसतात. आपण भाषा जाणत होतो म्हणून निभावलं. जपानीत तो आधार नाही. Ｔ दिसला की आपण ट म्हणतो, पण जपानी त हा जवळजवळ आपला दाती त आहे. टोयोटा नव्हे, तोयोता. टोकियो नव्हे, तोऽक्योऽ. दोन्ही ओ लांब आणि मध्ये ‘कि’ नाहीच, क्यो हे जोडाक्षर आहे. वर्तमानपत्रांनी ‘टोकियो’ लिहिलं तर बिघडत नाही, ते मराठी नाव झालं. पण तिकीट खिडकीवर उभं राहून म्हणायचं असेल तर तोऽक्योऽच हवं.

आता गंमत अशी, की जपानी उच्चारासाठी मराठी माणसाच्या तोंडात जी सामग्री तयार आहे ती फार थोड्यांकडे आहे, आणि आपण ती वापरतच नाही.

आपला च घ्या. मराठीत च दोन आहेत. चिवडा, चीड, चेहरा यांतला एक आणि चुना, चूक, चाक यांतला दुसरा, दातांवर जीभ टेकवून म्हणायचा. हिंदी बोलणाऱ्याला हा दुसरा च माहीत नाही, इंग्रजालाही शब्दाच्या सुरुवातीला तो जड जातो. जपानीत मात्र तो आहे, आणि आपल्यासारखाच वागतो. इकार आला की चिवड्यातला च, उकार आला की चुन्यातला च. जपानी बाराखडीत त, चि, चु, ते, तो असा क्रम येतो, त्यातला चु म्हणजे थेट आपल्या चुन्यातला चु. हिंदी पुस्तिका तिथे ‘त्सु’ छापते. वाचणारा मग त आणि सु असे दोन तुकडे करतो. २००४ च्या डिसेंबरात त्या लाटेचं नाव आपल्याकडे कुणी ‘त्सुनामी’ लिहिलं, कुणी ‘सुनामी’. गावाकडची एखादी आजी चुन्यातला च लावून ‘चुनामी’ म्हणाली असती तर ती सर्वांत बरोबर ठरली असती.

जचंही तेच. आजोबा, बाजार, जुना यांतला ज हा जपानीतला ‘जा-जु-जो’ला चालतो, आणि जीव, जिरे यांतला ज त्यांच्या ‘जि’ला. म्हणून सकाळचं अभिवादन ‘ओहायोऽ गोजाइमास्’ म्हणताना ज आजोबांतला, आणि पहिल्या भेटीचं ‘हाजिमेमाशिते’ म्हणताना ज जिऱ्यातला. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, नुसतं आठवण करून द्यावं लागतं.

पण याच जागी मराठी वाचकाला एक खड्डाही आहे, जो हिंदी वाचकाला नाही. पुस्तिकेत ‘ओचा’ लिहिलं असेल, म्हणजे चहा, तर मराठी माणूस ते ‘रामाचा’ मधल्या चासारखं वाचणार. जपान्याला ते कळणार नाही. तिथे ‘ओच्या’ लिहायला हवं, ‘त्याच्या’ मधला च्या. ‘थोडं, जरा’ या अर्थाचा शब्द ‘चोत्तो’ लिहिला तर आपण चोरातला चो म्हणतो. तो ‘च्योत्तो’ आहे. हवालदारसाहेबांची मुलगी घरी मराठी बोलते आणि शाळेत हिंदी शिकली. तिच्या तोंडात दोन्ही च आहेत, पण पुस्तिका तिच्याकडे एकच मागते. मी तिला पानापानावर पेन्सिलीने दुरुस्त करून दिलं तेव्हा तिने एकदाच विचारलं, ‘काका, मग हे मराठीतूनच का नाही छापत?’ प्रश्न रास्त आहे. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आणि चांगली आहे, त्या मंडळींनी बाहेरच्या मराठी माणसांसाठी असं एखादं खिशात मावणारं पुस्तक काढावं.

दुसरी गोष्ट लांबीची, आणि इथेच सर्वांत जास्त माणसं मार खातात. जपानी कानाला स्वराची लांबी म्हणजे वेगळा शब्दच. ‘युकि’ म्हणजे बर्फ, ‘यूकि’ म्हणजे धैर्य. ज्यांनी सियाचीन काढलंय त्यांना या दोघांचा संबंध सांगायला नको, पण जपानीत त्यांची गल्लत करू नये. ‘ईए’ म्हणजे नाही, ‘इए’ म्हणजे घर. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकूच्या वयाची बाई, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. पंचेचाळिशीच्या सुपरवायझर बाईंना आ लांबवून हाक मारलीत तर पहिल्याच दिवशी काय होईल ते सांगत नाही. तसं पाहिलं तर वृद्धाश्रमातल्या आजींनाही आडनावाला ‘सान’ लावून हाक मारणंच चांगलं मानतात.

इथे देवनागरी अर्धं काम करते आणि अर्ध्यात फसवते. इ-ई, उ-ऊ आपल्याकडे वेगळे आहेत, पण ओ आणि ए यांना ऱ्हस्व रूपच नाही. अ आणि आ यांचं आणखी वेगळं. आपला अ हा तोंड अर्धवट उघडून म्हणायचा स्वर, जपानीत तो नाही. त्यांचा आखूड ‘आ’ हा आपला आ आहे, फक्त तोकडा. म्हणून मी पेन्सिलीने सगळीकडे आ, ए, ओ हे आखूड धरले आणि लांब असतील तिथे अवग्रह घातला: आऽ, एऽ, ओऽ. आईला हाक मारताना आपण लिहितोच की ‘आईऽऽ’. तोच ऽ. धन्यवाद म्हणजे ‘आरिगातोऽ’. शेवटचा ओ आखूड केला तर घाईघाईत पावती फाडून दिल्यासारखं वाटतं.

आणि शुद्धलेखनाच्या एका नियमापासून सावध. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो आणि तसाच म्हणतो. म्हणून हात आपोआप ‘वाताशी’, ‘सुशी’ लिहितो. जपानीत दोन्हींचा शेवट ऱ्हस्व आहे, ‘वाताशि’. मराठी शिक्षकाने लाल शाई मारली तरी हे ऱ्हस्वच ठेवा.

मोजायचं कसं? आपल्या वृत्तांतल्या मात्रा आठवा, लघूची एक आणि गुरूची दोन. जपानी भाषा मात्रांवरच चालते. किंवा त्याहून सोपं, कदमताल करा. एका मात्रेला एक पाय. को-न्-नि-चि-वा, पाच पाय. पुस्तिकेतल्या ‘कोनिचिवा’त चारच पडतात, एक न गळाला. नुसता न् सुद्धा तिथे एक पूर्ण पाऊल घेतो. ‘योक्का’त तीन पावलं: यो, मग एक रिकामा ठोका, मग का. ‘योऽका’तही तीनच, पण मधल्या ठोक्याला ओ चालू राहतो. रिक्रूटला हे मैदानावर दहा मिनिटांत येतं, वर्गात बसून महिना लागतो.

दाबून म्हणायचं व्यंजन मराठी माणसाला अवघड नाही. पती आणि पत्ती, गडी आणि गड्डी, मका आणि मक्का हे आपण रोज वेगळे म्हणतो. तरी जपानी बोलताना तो जोर कुठे जातो कोण जाणे. ‘किते कुदासाइ’ म्हणजे या. ‘कित्ते कुदासाइ’ म्हणजे कापा. शुश्रूषेच्या कामात आणखी एक जोडी आहे, तिथे जोराचा नाही, नुसत्या एका स्वराचा फरक आहे: ‘सुवात्ते कुदासाइ’ म्हणजे बसा आणि ‘सावात्ते कुदासाइ’ म्हणजे हात लावा. ऐंशी वर्षांच्या आजोबांना खुर्चीकडे नेताना यातलं कुठलं म्हणायचं हे झोपेतही पक्कं असायला हवं. इस्पितळ म्हणजे ‘ब्योऽइन’ आणि ब्यूटी पार्लर म्हणजे ‘बियोऽइन’. रोमनमध्ये एका अक्षराचा फरक, डोळा सहज घसरतो. देवनागरीत जोडाक्षर ठसठशीत दिसतं. टॅक्सीवाल्याला कुठे न्यायचं ते एवढ्यावर ठरतं.

अनुस्वाराबद्दल मात्र मराठीचा अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. जपानी न् पुढच्या अक्षराप्रमाणे रंग बदलतो, अगदी आपल्या गंगा, दंत, चंपा यांतल्या अनुस्वारासारखा. जपानी भाषा म्हणजे ‘निहोंगो’, वर्तमानपत्र म्हणजे ‘शिंबुन’. टिंब द्या, जीभ आपोआप जागेवर जाते. पुढे स्वर किंवा य आला तर मात्र ‘संयम’ म्हणताना जसा नाकातून जातो तसा. हे न पाळलं तर ‘किंएन’ म्हणजे धूम्रपान बंद याचं ‘किनेन’ म्हणजे स्मरणोत्सव होतं. पाटी लावायची एक आणि वाचायची दुसरी!

हा सारखेपणा सगळाच योगायोग नाही. जपानी बाराखडीचा आजचा क्रम, आ-इ-उ-ए-ओ आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा, हा संस्कृतच्या वर्णमालेवरून बसलेला आहे. बौद्ध भिक्खू सिद्धम् लिपी शिकत असत, त्यातून तो आला. आपल्या अंकलिपीची ही लांबची बहीण. उलट दिशेचं उदाहरण जवळच नागपूरला आहे. दीक्षाभूमीशी ज्यांचं नाव कित्येक दशकं जोडलेलं आहे त्या भदंतांना आपण ‘सुरेई ससाई’ म्हणतो. जपानीत ते ‘शूरेइ सासाइ’ आहे. लोकांनी प्रेमाने घासून गुळगुळीत केलेलं नाव, ते बदला असं मी म्हणणार नाही. पण नव्याने ओळख होणाऱ्या माणसाचं नाव त्याच्या तोंडून ऐकून तसंच म्हणावं.

उच्चारापलीकडचे काही तपशील आहेत. आपल्याकडे हा आणि तो असे दोनच, जपानीत तीन. ‘कोरे’ माझ्याजवळचं, ‘सोरे’ तुमच्याजवळचं, ‘आरे’ दोघांपासून दूरचं. मराठी माणूस ‘ते’साठी सगळीकडे ‘आरे’ म्हणतो. समोरच्याच्या पायाशी पडलेल्या वस्तूकडे बोट दाखवून ‘आरे’ म्हटलं तर तो मागे वळून क्षितिजाकडे बघतो. फायरिंग रेंजवर हे किती महागात जाईल ते उस्तादांना सांगायला नको. आकड्यांतही सातासाठी ‘शिचि’ऐवजी ‘नाना’ म्हणणं बरं, कारण ‘इचि’ म्हणजे एक आणि दोन्ही कानाला जवळ. आपणही वायरलेसवर नऊला ‘नायनर’ म्हणतोच.

‘सान’ स्वतःच्या नावाला कधीच लावायचा नाही. ‘मी पाटीलसाहेब बोलतोय’ असं म्हणणाऱ्याला आपण जे समजतो तेच ते समजतात. पुस्तिका ‘तुम्ही’साठी ‘आनाता’ शिकवतात आणि विद्यार्थी ते वरिष्ठांना सुद्धा लावतात. आपण सीओ साहेबांना तोंडावर ‘तुम्ही’ म्हणत नाही, ‘साहेब’ म्हणतो; तसं तिथे आडनाव आणि सान. दिवसाच्या शेवटी सहकाऱ्यांना ‘ओचुकारेसामा देस्’ म्हणायचं, च चुन्यातला. ‘गोकुरोऽसामा’ हा शब्दही दमलात हो, कष्ट घेतलेत याच अर्थाचा, पण शिष्टाचाराप्रमाणे तो वरच्याने खालच्याला म्हणायचा. सुभेदाराने कर्नलसाहेबांची पाठ थोपटून ‘शाब्बास’ म्हणावं, तसं होतं ते. आणि कुणी तुमच्या विनंतीवर मान कलती करून ‘च्योत्तो...’ म्हणून थांबला तर उत्तर मिळालं असं समजा. आपल्या ‘जरा बघतो, अवघड आहे’चा अर्थ ज्याला कळतो त्याला हे लगेच कळेल.

एक आक्षेप मला पुण्याच्या वर्गातल्या जाणत्यांकडूनच ऐकायला मिळाला. देवनागरीची कुबडी हवीच कशाला, थेट हिरागाना शिकवा. शिकवाच. सेहेचाळीस अक्षरं आहेत, पंधरा-वीस दिवसांचं काम. पण पहिली वाक्यं पहिल्याच दिवशी कानावर आणि तोंडात येतात, आणि ती कुठल्या तरी लिपीत वहीत उतरतातच. ती रोमनमध्ये उतरण्यापेक्षा नीट नेमलेल्या देवनागरीत उतरावीत एवढंच माझं म्हणणं. चुकीचा धरलेला रायफलचा बट पहिल्या आठवड्यात सोडवता येतो, वर्षाने नाही. जपानात कुणी सोडवणारही नाही. तुम्ही दोन शब्द बोललात की ‘निहोंगो ज्योऽजु देस् ने’, म्हणजे जपानी छान बोलता हो, असं ते हसून म्हणणार. चुकलात तरी म्हणणार. म्हणून दुरुस्ती इथेच, निघायच्या आधी झाली पाहिजे.

शेवटी आपल्या लोकांसाठी ड्रिल. जपानी सैन्यातला सावधानचा हुकूम आहे ‘कि ओ चुके’, चार मात्रा, च चुन्यातला. त्याचा शब्दशः अर्थ लक्ष लाव, सांभाळ. म्हणजे आपला सावधान जसा परेडवरचाही आणि मंगलाष्टकांतलाही, तसाच. विश्राम म्हणजे ‘यासुमे’, आणि त्याचाही अर्थ विश्रांती घे हाच. सॅल्यूट ‘केऽरेऽ’. ‘माए ए सुसुमे’ म्हणजे पुढे चला, यातले दोन्ही ए वेगवेगळे म्हणायचे. आणि हुकमातलं तेच ‘कि ओ चुके’, शेवटी ‘ते’ लावून, मऊ आवाजात, घरातून निघणाऱ्या माणसाला दारात उभं राहून म्हणतात: ‘कि ओ चुकेते’. जपून जा. हवालदारसाहेबांनी ते पाठ केलं आहे. मुलीचं विमान आठ तारखेचं आहे, योऽका.